इम्प्लांट बसवलं, आता पुढे काय? त्या दाताची आणि त्याच्या शेजाऱ्यांची काळजी

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावरची दातासारखी कॅप. त्याला कीड लागत नाही हे खरं आहे आणि पेशंटना हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. टायटॅनियम आहे, किडणार नाही, असं एकदा कानावर पडलं की काका खुश, मग कॅप लागली की वर्ष-दोन वर्षं दवाखान्याकडे फिरकायचं नाव नाही. मी दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, दिवसभर खुर्चीच्या बाजूला उभी असते, सक्शन धरायचं, सामान द्यायचं आणि शेवटी पेशंटला घरी काय करायचं ते समजावून सांगायचं हे माझं काम, कारण सरांचा पुढचा पेशंट तोवर बाहेर घड्याळ बघत बसलेला असतो. तर जे रोज तोंडाने सांगते तेच इथे लिहून काढतेय, जरा लांबेल, पण तुमच्या किंवा घरात आईवडिलांच्या तोंडात इम्प्लांट असेल तर पूर्ण वाचा.

आधी हे समजून घ्या की इम्प्लांट आणि खरा दात आतून वेगळे आहेत. खऱ्या दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं, मध्ये बारीक तंतूंचा थर असतो, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे चावताना दात किंचित दबतो आणि भातात खडा आला की तुम्ही पटकन थांबता, कारण त्या थरातल्या नसा लगेच वर्दी देतात. इम्प्लांटला हा थरच नाही. टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडाशी एकजीव होतो. १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं, प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर हाडातून सुटेचना, तिथून हे सगळं सुरू झालं. पुढे १९६५ मध्ये गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी इम्प्लांट बसवले आणि ते तो माणूस २००६ मध्ये जाईपर्यंत म्हणजे चाळीस वर्षं टिकले. म्हणजे धातू दगा देत नाही. दगा देते ती त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड, आणि ते सांभाळणं आपल्याच हातात असतं.

हिरडीचंही तसंच. खऱ्या दाताला हिरडीचे तंतू मुळात आडवे घुसलेले असतात, पक्की पकड असते. इम्प्लांटच्या बाबतीत तेच तंतू बाजूने उभे जातात, फक्त बिलगून असतात, त्यात तिथला रक्तपुरवठाही कमी. म्हणून जो चिकट पांढरा थर आपण नखाने दातावरून खरवडतो ना, प्लाक, तो इम्प्लांटच्या मानेपाशी साचला तर खाली उतरायला त्याला फार अडवणूक नसते. पहिल्यांदा हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं, याला म्युकोसायटिस म्हणतात आणि इथपर्यंत नीट साफसफाई केली तर सगळं मागे फिरतं. त्याच्या पुढची पायरी पेरी-इम्प्लांटायटिस, त्यात हाड झिजायला लागतं आणि गेलेलं हाड सहजासहजी परत येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे यात सहसा दुखत नाही हो. दात किडला तर कळ मारते, गार पाणी लागतं, रात्री झोप उडते, माणूस धावत येतो. इम्प्लांटच्या आत नसच नाही तर ओरडणार कोण. म्हणून दुखत नाही म्हणजे बरं आहे हा हिशोब इथे चालत नाही, आरशात बघायचं आणि रक्त येतंय का ते बघायचं.

आता शेजाऱ्यांचं. बऱ्याच लोकांचा मूळ दात पायरियाने म्हणजे हिरड्यांच्या आजाराने गेलेला असतो, आणि तोच आजार बाकीच्या दातांभोवती अजून मुक्कामाला असतो. त्या दातांच्या पॉकेटमधले, म्हणजे दात आणि हिरडीच्या मधल्या खोल खाचेतले जंतू इम्प्लांटकडे सरकतात, म्हणून ज्यांना आधी पायरिया झालाय त्यांच्या इम्प्लांटला धोका जास्त. उलट बाजूने बघितलं तर इम्प्लांटला कीड लागत नसली तरी त्याला खेटून उभ्या असलेल्या खऱ्या दाताला लागते, आणि नेमकी इम्प्लांटच्या बाजूच्या भिंतीला लागते जिथे आरशातही काही दिसत नाही. तीस-चाळीस हजार घालून एक दाढ बसवली आणि तिच्याच शेजारची चांगली दाढ रूट कॅनलला आणली असे पेशंट आमच्याकडे येतात, म्हणून सांगते, इम्प्लांटची काळजी म्हणजे निम्मी काळजी शेजारच्या दातांची.

रोजचं काय करायचं

सामान फार लागत नाही. एक मऊ ब्रश, मीडियम नको आणि हार्ड तर नकोच. एक इंटरडेंटल ब्रश, आमचे पेशंट त्याला काडीचा ब्रश म्हणतात. एक सिंगल टफ्ट ब्रश म्हणजे ज्याला एकच छोटा गुच्छ असतो तो. आणि सुपरफ्लॉस. हे चार झाले की बास, बाकी मेडिकलवाला जे काय दाखवेल ते हौसेचं.

रात्रीची वेळ सगळ्यात महत्त्वाची, सकाळी घाई असते आणि सकाळी कितीही घासलं तरी रात्रभर अन्न तसंच राहिलं असेल तर उपयोग काय. जेवणानंतर चूळ भरा, बेसिनपाशी चांगला लाईट लावा, चष्मा असेल तर चष्मा घाला (हे वयस्कर लोक करत नाहीत, अंदाजाने घासतात), आणि आधी फटी साफ करा मग ब्रश. उलटं केलं तरी आभाळ कोसळत नाही पण ब्रश झाल्यावर लोकांना कंटाळा येतो आणि फटी राहतात, हा माझा अनुभव.

काडीचा ब्रश पेस्ट न लावता, नुसता ओला करून गालाच्या बाजूने फटीत घालायचा. दाढेसाठी तार जरा वाकवून घ्या, बोटाने हलकासा बाक द्यायचा, कोन पाडायचा नाही नाहीतर तार तुटते. हिरडीच्या कडेला टेकवून हळूच आत, चार-पाच वेळा आत-बाहेर, मग नळाखाली धुवायचा, पुढची फट. जात नसेल तर दामटायचं नाही, साईज लहान घ्यायची. बरोबर साईज कुठली तर केस दोन्हीकडे टेकले पाहिजेत, किंचित अडखळलं पाहिजे पण मधली तार दाताला घासता कामा नये. इम्प्लांटच्या पुढची फट आणि मागची फट बऱ्याचदा सारखी नसते, त्यामुळे दोन साईज लागू शकतात, पहिल्यांदा दवाखान्यात बसूनच मापं घ्या, ऑनलाइन सगळ्या रंगांचं पाकीट मागवून घरी प्रयोग नको. आणि तारेवर प्लास्टिकचं कोटिंग असलेला घ्या, उघडी धातूची तार इम्प्लांटवर घासून चरे पडतात आणि चरा पडलेल्या जागी थर लवकर बसतो. केस वाकडे झाले की फेकून द्यायचा, आठवडा-दोन आठवडे, एकच ब्रश दिवाळी ते होळी वापरणारे लोक मी बघितलेत.

सुपरफ्लॉसचं एक टोक कडक असतं, मध्ये फुगीर स्पंजसारखा भाग आणि पुढे साधा दोरा. कडक टोक गालाच्या बाजूने इम्प्लांटच्या पुढच्या फटीतून जिभेकडे घालायचं, मग जिभेच्या बाजूने वळवून मागच्या फटीतून परत गालाकडे ओढून घ्यायचं. फुगीर भाग आता इम्प्लांटच्या मानेला मागून वेढा घालून बसतो. दोन्ही टोकं गालाच्या बाजूला धरायची आणि रवीची दोरी ओढतो तसं आलटून पालटून ओढायचं, पण हळू, ताक नाही करायचंय. पहिले आठ दिवस बोटं लाळेने निसटतात, चिडचिड होते, नंतर जमतं. एक खबरदारी मात्र पाळा. हिरडी खाली गेली असेल आणि इम्प्लांटचे आटे उघडे पडले असतील, किंवा दोरा बाहेर काढल्यावर फिसकटलेला दिसत असेल, तर फ्लॉस थांबवा आणि काडीचा ब्रशच वापरा, कारण त्या खडबडीत जागेत दोऱ्याचे तंतू अडकून राहतात आणि तेच हिरडी सुजवतात.

मग नेहमीचा ब्रश, केस हिरडीच्या रेषेकडे तिरके करून, छोट्या छोट्या हालचाली, दोन मिनिटं. करवत चालवल्यासारखं आडवं खसाखसा घासणारे बहुतेक सगळे आपले उजव्या हाताचे लोक, त्यांच्या डाव्या बाजूच्या सुळ्यांपाशी हिरडी खाली सरकलेली असते, मुळं उघडी पडतात आणि मग ताक प्यायलं तरी दात शिवशिवतात. शेवटी सिंगल टफ्ट, तो फक्त दोन ठिकाणी, शेवटच्या दाढेच्या मागे आणि खालच्या दाढांच्या जिभेकडच्या बाजूला. तिथे आपली जीभ आडवी येते म्हणून मोठा ब्रश पोचतच नाही. तोंड अर्धवट मिटून घ्या, गाल सैल पडतो आणि ब्रश आत जातो, मोठा आ करून नाही जात.

वॉटर फ्लॉसर म्हणजे पाण्याच्या पिचकारीचं मशीन घेऊ का असं सगळे विचारतात. घ्या, चांगलं आहे, विशेषतः ज्यांच्या हाताला संधिवात आहे किंवा एकाच वेळी चार-सहा इम्प्लांटवर पूल बसवलाय त्यांना. पण ते अन्नाचे कण उडवतं, चिकट थर पूर्ण निघत नाही, त्यामुळे काडीच्या ब्रशची सुट्टी होत नाही. प्रेशर मध्यम, पाणी कोमट, धार हिरडीच्या रेषेवरून आडवी फिरवायची, खाली पॉकेटमध्ये रोखायची नाही. आणि बोअरचं जड पाणी घालू नका, फिल्टरचं घाला, नाहीतर नोझल क्षारांनी चोंदून जातं.

ती फट

ही गोष्ट वेगळी लिहितेय कारण सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच येतात. कॅप लागली तेव्हा सगळं घट्ट होतं, दोन-तीन वर्षांनी इम्प्लांट आणि पुढच्या दाताच्या मध्ये मेथीचं पान अडकायला लागतं, मटणाचा धागा, आंब्याचा धागा, आणि पेशंटला वाटतं डॉक्टरने काम नीट केलं नाही. खरं असं असतं की आपले खरे दात आयुष्यभर किंचित किंचित पुढच्या बाजूला सरकत राहतात, आणि इम्प्लांट हाडाशी एकजीव झालेलं, ते जागचं हलत नाही. पुढचा दात सरकला, इम्प्लांट तिथेच, मध्ये फट पडली. हे होणं अगदी कॉमन आहे.

घरी तपासायची सोपी पद्धत आहे. साधा फ्लॉस घ्या आणि इम्प्लांट आणि शेजारच्या दाताच्या मधून वरून खाली उतरवा. घट्ट असेल तर टक असा बारीक आवाज होऊन तो खाली उतरतो. काही न अडखळता सरळ सर्रकन खाली गेला तर फट उघडलीय. महिन्यातून एकदा करा हे, इम्प्लांटच्या पुढच्या बाजूलाही आणि मागच्या बाजूलाही. उघडलेली दिसली तर डॉक्टरांना दाखवा, कॅप स्क्रूने बसवलेली असेल तर काढून तिच्या बाजूला पोर्सलिन वाढवून परत बसवता येते, कधी शेजारच्या दाताला फिलिंग करून फट बुजवतात, कधी नवीन कॅप लागते.

तोवर काय करायचं नाही ते सांगते. टाचणी, सेफ्टी पिन, आगपेटीची काडी, उदबत्तीची काडी, काहीही घालून कोरायचं नाही. एक मावशी मंगळसूत्राची वाटी घालायच्या, खोटं नाही सांगत. कोरल्याने हिरडीला जखम होते, फट रुंदावते आणि मग अजून अडकतं, मग अजून कोरणं. काडीचा ब्रश पर्समध्ये, खिशात ठेवा, टोपणवाला मिळतो, लग्नाच्या पंगतीतून उठलं की बेसिनपाशी दोन मिनिटं, कोणी बघत नाही. कारण त्या फटीत जे अडकतं ते शेजारच्या खऱ्या दाताच्या मुळाशी कुजतं, आणि मुळावर इनॅमल नसतं, तिथली कीड भराभर आत जाते.

पेस्ट, मंजन, माउथवॉश

कीड इम्प्लांटला लागत नसली तरी पेस्ट फ्लोराइडचीच घ्या, शेजाऱ्यांसाठी. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आपल्याकडे साधारण १००० पीपीएमच्या आसपास, आणि बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसतं, ते बघून घ्या. फ्लोराइडने टायटॅनियम खराब होतं असं कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतं, रोजच्या पेस्टने काही होत नाही. दवाखान्यात लावतात ते आम्लयुक्त फ्लोराइड जेल मात्र इम्प्लांट आणि पोर्सलिनला चालत नाही, दुसरीकडे कुठे दाखवायला गेलात तर इम्प्लांट आहे हे आधी सांगा म्हणजे ते न्यूट्रल जेल वापरतील. घासून पांढरं करणाऱ्या पेस्ट, कोळशाची पावडर, खायचा सोडा, राखुंडी, काळं मंजन, हे सगळं खरखरीत, कॅपची चकाकी जाते, चरे पडतात.

आणि मशेरी. गावाकडून येणाऱ्या बायका आधी नाही म्हणतात, मग हळू आवाजात सांगतात, सकाळी थोडीशी लावते, पोट साफ होत नाही त्याशिवाय. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. तंबाखू कुठल्याही रूपात, सिगारेट, विडी, गायछाप, मशेरी, हिरडीतला रक्तपुरवठा कमी करते, जखम भरू देत नाही, आणि रक्त कमी येतं म्हणून हिरडी बाहेरून बरी दिसते, आत हाड चाललेलं असतं. इम्प्लांट फेल होण्याच्या कारणांमध्ये ती अगदी वरच्या नंबरला आहे. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे पण पेशंटच्या दातांकडे बघून ते कळत नाही.

माउथवॉशचं थोडक्यात सांगते. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के हे औषध आहे, रोजची सवय नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर आठ-पंधरा दिवस, त्याहून जास्त वापरलं की दात तपकिरी होतात, चव बिघडते. आणि पेस्टने ब्रश केल्या केल्या लगेच घेऊ नका, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा असर कमी होतो, अर्धा तास जाऊ द्या.

नुकतंच बसवलं असेल तर

ज्यांचं ऑपरेशन कालपरवाच झालंय त्यांच्यासाठी. पहिला दिवस बाहेरून बर्फ शेका, दहा मिनिटं ठेवा दहा मिनिटं काढा. जोरात थुंकू नका, स्ट्रॉने काही ओढू नका, गुठळी निघते. मुगाची खिचडी, दहीभात, पेज, वरणात कुस्करलेली पोळी, सगळं कोमट, तिखट नको. टाके साधारण आठवडा-दहा दिवसांनी निघतात. त्या जागेवर ब्रश नाही पण बाकीच्या दातांवर त्याच दिवशीपासून ब्रश करायचा, लोक सगळंच बंद करतात आणि तोंडभर घाण साचते. हाड जुळून यायला खाली साधारण तीन-चार महिने, वर चार ते सहा, या काळात त्या बाजूने दाणे-चणे फोडायचे नाहीत.

चावणं आणि दात खाणं

कॅप लागल्यावर सगळं खाता येतं, भाकरी खा, चिकन खा, सफरचंद खा. सुपारी फोडणं, नळीचं हाड फोडणं, बाटलीचं झाकण उघडणं, बर्फ चावणं हे खऱ्या दातानेही करू नये, इम्प्लांटने तर नकोच, कारण दाब किती पडतोय ते खऱ्या दातासारखं कळत नाही आणि पोर्सलिनचा टवका उडतो किंवा आतला स्क्रू सैल होतो. ऊस दाताने सोलणारे लोक आता कमी झालेत, तरी संक्रांतीनंतर एखाद-दुसरी तुटलेली कॅप येतेच.

रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती आधी सांगा. तुम्हाला कळत नसतं, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला, कानशिलं दुखतायत, दातांची टोकं सपाट झालीत, तर नाईट गार्ड म्हणजे झोपताना दातांवर घालायचं प्लास्टिकचं कव्हर करून घ्या, आणि करून घेतला की डबीत ठेवू नका, घाला. गार पाण्याने धुवायचा, गरम पाण्याने तो वाकतो. दरवर्षी चेकअपला आल्यावर निळ्या कागदावर चावायला लावून सर बघतात ते यासाठीच असतं, खरे दात झिजतात, सरकतात, इम्प्लांट नाही, त्यामुळे काही वर्षांनी सगळा भार एकट्या इम्प्लांटवर यायला लागू शकतो.

कधी ताबडतोब यायचं

इम्प्लांटभोवती ब्रश करताना रक्त येतंय आणि आठवडाभर नीट साफ करूनही थांबत नाही. हिरडी बोटाने दाबली तर पू किंवा पांढरट पाणी येतं, तोंडाला घाण चव असते. दात पूर्वीपेक्षा लांब दिसतोय, मानेपाशी करडी धातूची कड दिसतेय. आणि कॅप हलतेय.

कॅप हलतेय म्हटलं की लोक घाबरतात, इम्प्लांट गेलं. बऱ्याच वेळा नुसता आतला स्क्रू सैल झालेला असतो, तो परत कसला की झालं. इम्प्लांट स्वतःच हाडात हलत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ते बहुतेक काढावंच लागतं. दोन्हींतलं काय ते घरी कळत नाही, म्हणून त्या बाजूने चावणं बंद करा आणि दोन-तीन दिवसांत या, महिनाभर तसंच हलवत बसलात तर साधा सैल स्क्रू आत तुटतो आणि तुटलेला स्क्रू काढणं म्हणजे सगळ्यांची परीक्षा. कॅप निघूनच आली तर डबीत घालून आणा, गिळू नका, फेकू नका. फेव्हिक्विक लावू नका. हे मला लिहावं लागतंय कारण लावून येतात. रुमालाची गाठ सोडून कॅप पुढे ठेवतात आणि वरून म्हणतात, ताई, चिकटवली होती पण टिकली नाही, आणि मग तो गोंद खरवडण्यात अर्धा तास जातो.

शुगर असेल तर एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट साताच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा, किती असावा ते तुमचे डायबिटीसवाले डॉक्टर सांगतील, आणि चेकअपला येताना शेवटचा रिपोर्ट आणा. हाडं ठिसूळ म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर ते दातांच्या डॉक्टरला सांगायला विसरू नका, अशा लोकांमध्ये जबड्याच्या हाडाची जखम भरायला त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीपीच्या, झोपेच्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की खऱ्या दातांच्या मुळांना कीड लागते, मग घोट घोट पाणी आणि गोड चघळणं बंद.

घरात म्हातारं माणूस असेल आणि खालच्या जबड्यात दोन इम्प्लांटवर बटणासारखी बसणारी कवळी असेल तर रात्री ती काढून ठेवायची. हिरडीतून वर आलेली दोन्ही बटणं मऊ ब्रशने चारी बाजूंनी घासायची, कवळी साध्या साबणाने आणि वेगळ्या ब्रशने धुवायची, पेस्टने नाही, खाली भांड्यात पाणी घेऊन, म्हणजे हातातून निसटली तर फुटत नाही. कवळीच्या आत छोट्या नायलॉनच्या रिंगा असतात, त्या झिजल्या की कवळी सैल लागते, बदलून मिळतात, साधारण वर्षाने. आजोबांना ते सांगता येत नाही, ते नुसतं म्हणतात जेवायला मजा येत नाही.

चेकअप आणि क्लीनिंग

पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी, पायरिया किंवा शुगर असेल तर तीन महिन्यांचंच धरून चला. कॅप लागली त्या दिवशीचा एक्सरे पाहिजे, मग वर्षाने एक, कारण हाड खाली गेलंय का ते आधीच्याशी तुलना करूनच कळतं, पहिला एक्सरेच नसेल तर डॉक्टर अंदाज बांधत बसणार. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

क्लीनिंगने दात हलतात, फटी पडतात, हे ऐकून ऐकून माझे कान किटले. दात हलतो कारण आतलं हाड गेलेलं असतं आणि कीटणाने तो थापून धरलेला असतो, फटही कीटणाने बुजलेली असते, कीटण काढलं की जे होतं ते दिसतं. इम्प्लांटचं क्लीनिंग मात्र जरा वेगळ्या सामानाने करतात, प्लास्टिकच्या किंवा टायटॅनियमच्या टोकाची हत्यारं किंवा बारीक पावडरची फवारणी, साध्या स्टीलच्या टोकाने चरे पडतात. नवीन ठिकाणी गेलात तर खुर्चीत बसायच्या आधी विचारा, इम्प्लांटसाठी वेगळी टिप आहे का, विचारायला लाजायचं काय त्यात. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, खर्च कमी येतो, वेळ मात्र काढून जा.

शेवटचं, आणि हे आजच करा. इम्प्लांटच्या पाकिटावर एक स्टिकर असतो, त्यावर कंपनी, जाडी-लांबी आणि लॉट नंबर असतो. तो तुमच्या फाईलमध्ये चिकटवलेला आहे का बघा, नसेल तर दवाखान्यात फोन करून मागून घ्या, कॅप स्क्रूने बसवलीय की सिमेंटने तेही लिहून घ्या. सिमेंटची असेल तर हिरडीखाली उरलेल्या सिमेंटनेही सूज येते, पुढच्या डॉक्टरला ते माहीत असलेलं बरं. प्रत्येक कंपनीचा स्क्रू ड्रायव्हर वेगळा असतो. दहा वर्षांनी मुलाकडे पुण्याला किंवा अमेरिकेला गेलात आणि तिथे स्क्रू सैल झाला तर तिथला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार की कंपनी कुठली, आणि तोपर्यंत इथला दवाखाना बंद झालेला असू शकतो, डॉक्टर रिटायर झालेले असू शकतात. एमआरआय काढायची वेळ आली तरी हा स्टिकर कामाला येतो, टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही त्यामुळे सहसा अडचण नसते, पण तिथल्या माणसाला आधी सांगायचं आणि निघणारी कवळी असेल तर काढून ठेवायची. स्टिकरचा फोटो मुलाला-सुनेलाही पाठवून ठेवा, तुमचा मोबाईल बदलला की तुमच्याकडचा जातोच.